गोगलगाय आणि पोटात लोणी

प्रश्न : ताई, आम्ही मूळचे लातूरचे, चार वर्षांपासून फ्रान्समध्ये दिजाँला राहतो. मिस्टरांच्या ऑफिसातल्या एका बाईंच्या बहिणीचं गोगलगाई पाळायचं फार्म आहे. नाताळात त्यांनी दोन डझन तयार गोगलगाई भेट दिल्या, शंखात लसूण-लोणी भरलेल्या. त्या म्हणतात, चिकनपेक्षा पौष्टिक, चरबी नाही, रक्त वाढतं. माझं हिमोग्लोबिन ९.८ आहे, बी-१२ पण कमी आलंय. मांसाहार मी करते. आठवड्यातून दोनदा खाल्ल्या तर फरक पडेल का? मिस्टरांनी दोनच खाल्ल्या, घसा खवखवला म्हणून ठेवल्या. लसूण जास्त झाला असेल. त्यांना धुळीची ॲलर्जी आहे, थंडीत पंप घेतात, बाकी काही त्रास नाही. आणि गावाकडून भाऊ विचारतोय, आमच्या सोयाबीनमध्ये ढिगाने आहेत, त्या खाता येतील का?

— एक वाचक, दिजाँ

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ‘बाकी काही त्रास नाही’ म्हणून उडवून लावलंय. हिमोग्लोबिनचं नंतर बोलू, आधी मिस्टरांचं. उरलेल्या गोगलगाईंना त्यांनी हात लावायचा नाही.

धुळीची ॲलर्जी म्हणतात ती बहुतेक वेळा धुळीची नसते, गादी-उशीत राहणाऱ्या धूळकिड्यांची असते. या किड्यांच्या अंगातली काही प्रथिनं आणि गोगलगाईची प्रथिनं यांच्यात इतकं साम्य आहे, की किड्याविरुद्ध तयार झालेलं शरीर गोगलगाईलाच किडा समजून तिच्यावर तुटून पडतं. त्यातून नुसती खाज किंवा पुरळ उठून भागत नाही, थेट दमा उसळू शकतो. फ्रान्स, इटली, स्पेन, जिथे जिथे गोगलगाय खातात, तिथल्या डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवलेले आहेत. शिजवल्याने हा धोका जात नाही. ‘कोळंबी पचते, मग हीही पचेल’ हा हिशेबही इथे लागू नाही. घसा खवखवला तो लसणाने असेलही, पण ते ठरवायला आणखी दोन खाऊन बघणं हा मार्ग नव्हे. ॲलर्जीच्या डॉक्टरांना दाखवा आणि गोगलगाईचा उल्लेख आवर्जून करा, कारण ते आपणहून विचारतीलच असं नाही. तोवर कधी चुकून खाण्यात आली आणि श्वास लागला, तर पंप द्या आणि लगेच तिकडच्या रुग्णवाहिकेचा १५ नंबर फिरवा.

आता तुमचं. मी मालवणची, शंख-शिंपल्यांत वाढलेली. आजीच्या हातची तिसऱ्यांची एकशिपी खाल्लेल्या बाईला गोगलगाईची किळस वाटायचं कारण नाही. मुलगी ल्योंला होती तेव्हा तिच्याकडे दोन महिने राहिले होते आणि मुद्दाम असं एक फार्म बघून आले. पत्र्याची बुटकी कुंपणं, आत क्लोव्हर आणि मोहरीचं गवत, त्यावर तिरप्या टेकवलेल्या लाकडी फळ्या. मालकिणीने एक फळी उलटी केली, तर खालून द्राक्षाच्या घडासारख्या चिकटलेल्या! खाणं काय, तर धान्याचं पीठ आणि त्यात भरपूर चुनखडीची भुकटी. शंख बांधायला ती लागतेच. संध्याकाळी पाणी फवारलं की सगळ्या जेवायला बाहेर. वसंतात सोडलेली पिल्लं शरदात काढायला येतात. मग त्यांना काही दिवस उपाशी ठेवून आतडी रिकामी करतात, उकळत्या पाण्यातून काढतात, शंखातून ओढतात आणि मागचं वळणदार टोक कापून टाकतात. यकृताचं काम करणारी ग्रंथी तिथेच असते, आणि जमिनीतलं कॅडमियमसारखं जड धातूचं विष साठतं तेही तिथेच.

गंमत म्हणजे ज्या ‘बुर्गोन्य’ गोगलगाईने तुमच्या दिजाँकडचा मुलूख जगभर गाजला, ती फार्मवर नीट पाळता येत नाही. फार सावकाश वाढते. ती बहुतेक पूर्व युरोपातून, रानातून गोळा होऊन येते. फार्मवर असते ती ‘पेती-ग्री’ नाहीतर तिची मोठी बहीण ‘ग्रो-ग्री’. तुमच्या भेटीतल्याही त्याच असणार.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात कच्च्या गोगलगाईच्या १०० ग्रॅम मांसात ९० कॅलरी, १६ ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम दीड ग्रॅम चरबी दिलेली आहे. कोलेस्टेरॉल ५० मिलिग्रॅम, म्हणजे कोळंबीच्या निम्म्याहून कमी. मॅग्नेशियम २५० मिलिग्रॅम, आणि हा आकडा खरोखर जोरदार आहे. लोह साडेतीन मिलिग्रॅम. बी-१२ मात्र अर्धा मायक्रोग्रॅम. अंगावर अख्खं चुन्याचं घर वागवणाऱ्या या प्राण्याच्या मांसात कॅल्शियम किती? त्याच तक्त्यात १० मिलिग्रॅम. घर ताटात राहतं हो, पोटात जात नाही! (चाऱ्याप्रमाणे हे आकडे खालीवर होतात.)

ल्योंला मी एक उद्योग केला होता. तुम्हाला आलाय तसाच एक डझन आणला, टोचणीने मांस आणि लोणी वेगळं केलं आणि मुलीच्या पोळ्यांचं पीठ मोजायच्या काट्यावर ठेवलं. मांस ६२ ग्रॅम. लसूण-पार्सलीचं लोणी ५६ ग्रॅम. जावई बघतच राहिले. म्हणजे डझनभर गोगलगाईंतून प्रथिनं मिळाली दहा ग्रॅम, दीड अंड्याएवढी, आणि लोण्यातून कॅलरी आल्या साडेतीनशेहून जास्त. वर ते लोणी पावाने पुसून खायची तिकडची रीत. मीही पुसलं, खोटं कशाला बोलू! ‘चरबी नाही’ हे गोगलगाईपुरतं खरं आहे, बशीपुरतं नाही.

रक्ताच्या हिशेबाने डझनात लोह येतं दोन मिलिग्रॅमच्या आसपास. आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे बाईला रोज २९ लागतं. गोगलगाईचं स्वतःचं रक्तही आपल्यासारखं लाल नसतं. त्यात हिमोग्लोबिनच्या जागी तांब्याचं हिमोसायनिन असतं आणि ते निळसर दिसतं. तेव्हा मटणातल्या लोहासारखं हे सहज अंगी लागेल असं धरू नका. आठवड्यातून दोनदा खाल्ल्याने ९.८ चे १२ होणार नाहीत. तुमच्या डॉक्टरांकडून फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासून घ्या, पाळीत रक्त जास्त जातं का तेही मोकळेपणाने सांगा. लोहाची आणि बी-१२ची औषधं लागतील, ती न कुरकुरता घ्या.

आणि शिंपल्यांतूनच काही हवं असेल, तर बाजारातून काळ्या ‘मूल’ आणा. (नावाने दचकू नका.) आपल्या कोकणातल्या शिनाण्या नावाच्या शिंपल्यांच्या या बहिणी. लोह गोगलगाईपेक्षा थोडं जास्तच, आणि बी-१२ कच्च्या १०० ग्रॅममागे तब्बल १२ मायक्रोग्रॅम. कांदा, ओलं खोबरं मिळालं तर उत्तम, नाहीतर डब्यातलं नारळाचं दूध, तिरफळं नसतील तर मिरी. लोणी नको. मिस्टरांना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय याही देऊ नका.

भावाला आजच फोन करून नाही म्हणून सांगा. लातूर, बीड, धाराशिवकडे २०२२ साली ज्यांनी सोयाबीनचे कोवळे कोंब रातोरात फस्त केले, त्या आफ्रिकी शंखी गोगलगाई. १८४७ साली बेन्सन नावाच्या साहेबाने मॉरिशसहून आणून कलकत्त्याच्या बागेत सोडलेल्या. त्या उंदराच्या विष्ठेतून एक जंत उचलतात. तो माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. शिवाय शेतात मेटाल्डिहाइडच्या, म्हणजे गोगलगाई मारायच्या विषाच्या, गोळ्या टाकलेल्या असतात, त्या कुठल्या गोगलगाईने खाल्ल्यात हे कपाळावर लिहिलेलं नसतं. उघड्या हाताने वेचायच्यासुद्धा नाहीत. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधावर टाकायची, सकाळी हातमोजे घालून खालच्या सगळ्या गोळा करायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत. शेतात लहान मुलं खेळत असतील तर त्यांनाही सांगून ठेवायला सांगा, शंख छान दिसतात म्हणून ती हमखास उचलतात.

याच जातीच्या गोगलगाई आशियातून शिजवून, डबाबंद होऊन तुमच्या फ्रान्समध्येही येतात. पाकिटावर ‘एस्कार्गो’ऐवजी ‘आशातिन’ लिहिलेलं असतं. स्वस्त असतात, आणि चावायला रबरासारख्या.