गॅरेजमधला लोखंडी चुरा घातक कचरा धरायचा का?

कुर्ल्यातल्या तुमच्या गॅरेजमध्ये ब्रेक ड्रम टर्निंग आणि सिलिंडर बोरिंगचा चुरा निघतो, तो भंगारवाल्याला द्यायचा का, असं तुम्ही विचारलंय. चुऱ्याला काय चिकटलंय, ते आधी बघा.

कोरडा, स्वच्छ लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा चुरा म्हणजे साधं भंगार, बिनधास्त विका. पण कटिंग ऑइल किंवा इंजिन ऑइलने माखलेला असेल तर २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या अनुसूची १ मधल्या ५.२ या नोंदीत, म्हणजे तेलयुक्त अवशेषांत तो मोडू शकतो. म्हणून चुरा जाळीवर ठेवून तेल पूर्ण निथळू द्या. निथळलेलं तेल झाकणाच्या ड्रममध्ये साठवा; वापरलेलं इंजिन ऑइल नोंद ५.१ मध्ये येतं, कटिंग ऑइल ५.३ मध्ये. गटारात ओतू नका, कुर्ल्याचं पाणी मिठी नदीत जातं! तेलकट चिंध्याही वेगळ्या ठेवा. घातक माल साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि तो अधिकृत परवानाधारकालाच द्यावा लागतो.

एक कळकळीची विनंती. जुन्या ब्रेक लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक असे बारीक तंतू, असू शकतं. ती हवेच्या झोताने उडवू नका, पोरांनाही उडवू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसा.

शंका उरलीच तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात लेखी विचारा.