मीरशॉमचा रंग आतून येतो, बाहेरून पुसू नका

तुमचे दोन प्रश्न आहेत. आजोबांच्या कपाटातला मीरशॉमचा, म्हणजे मऊ पांढऱ्या दगडातून कोरलेला तंबाखूचा पाईप खालून तपकिरी आणि काठाला पांढराच का? आणि स्पिरिटने पुसून तो एकसारखा करता येईल का?

आधी दुसऱ्याचं उत्तर: स्पिरिट लावू नका. तो डाग नाही, वर्षानुवर्षं मुरलेला रंग आहे. स्पिरिटने तो ठिपक्याठिपक्यांनी उतरेल आणि पाईप कायमचा कळकट दिसेल. नळाखालीही धरू नका, भिजलं की मीरशॉम मऊ पडतं.

मीरशॉम म्हणजे सेपिओलाइट, मॅग्नेशियमचं जलयुक्त सिलिकेट. सगळ्यात नावाजलेला माल तुर्कस्तानात एस्किशेहिरच्या आसपास निघतो. दगड इतका सच्छिद्र, की कोरडा तुकडा पाण्यावर तरंगतो. कोरून, वाळवून, घासून झालं की पाईप वितळलेल्या मधमाशीच्या मेणात बुडवतात आणि पुढचा सगळा खेळ या मेणाचा. तंबाखू जळताना निघणारी वाफ, टार आणि तेलं बाऊलच्या (तंबाखू भरायच्या वाटीच्या) तळाशी आणि शँकमध्ये (वाटीतून निघणाऱ्या दांडीत) थंड होऊन दगडात शोषली जातात. मग ती हळूहळू बाहेरच्या मेणाच्या थरापर्यंत पोचतात आणि तिथे रंग दिसू लागतो. म्हणून सुरुवात शँक आणि तळापासून होते: आधी साईसारखा पिवळट, मग मधाळ, मग तपकिरी, कधी लालसर झाक. काठाजवळ आच सगळ्यात जास्त, तिथे मेणही टिकत नाही आणि ओलही साचत नाही. म्हणून काठ पांढरा राहतो. तुमच्या पाईपचं रूप अगदी बरोबर आहे, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

पाईप गरम असताना रंग गडद दिसतो आणि निवल्यावर फिका पडतो. नवीन पाईपवाले इथेच घाबरतात. तो हळूहळू कायम होतो. घाई म्हणून जोरजोरात ओढलं तर उलटंच होतं: आच वाढते, मेण हटतं आणि मधोमध फिकट पट्टा राहतो. सावकाश ओढा. वरून धूर सोडून रंग आणायचा प्रकार निरुपयोगी आहे.

ब्रायरमध्ये (लाकडी पाईपमध्ये) काजळीचा थर मुद्दाम राखतात, इथे तो नकोच. गरम होऊन फुगला की बाऊलला चीर जाते. पाईप पूर्ण निवल्यावर मऊ कागदाची गुंडाळी आत फिरवा, चाकू नको. शँकमधून पाईप क्लीनर घाला आणि दिवसभर उघडा ठेवा. पावसाळ्यात तर ओलसर पाईप मखमली पेटीत बंद करूच नका, बुरशी धरते.

गरम पाईपचं स्टेम (तोंडात धरायची नळी) काढू नका, शँक तडकते. निवल्यावरसुद्धा आधी जोड कसला आहे ते बघा. हल्लीच्या पाईपमध्ये नायलॉनचं किंवा टेफ्लॉनचं टेनन (स्टेमचं शँकमध्ये शिरणारं टोक) नुसतं दाबून बसवलेलं असतं. ते घड्याळाच्या दिशेने फिरवत ओढायचं. उलट फिरवलंत तर शँकमध्ये आट्यांनी बसवलेली नळीच सुटून येते. आजोबांच्या पाईपमध्ये हाडाचा स्क्रू असू शकतो. तो मात्र नेहमीसारखा उलटा फिरवून उघडतो. अडकला तर जोर लावू नका.

पृष्ठभाग कोरडा, खडूसारखा झाला असेल तरच मेण द्या. इंदूरच्या सियागंज बाजारात पन्साऱ्याकडे नुसतं मेण मागितलंत तर पॅराफिन हातात पडू शकतं. मधमाशीचंच मागा, वासावरून कळतं. स्टेम काढा, आंबरचं (झाडाच्या जुन्या, दगडासारख्या झालेल्या राळेचं) असेल तर ठिसूळ असतं, त्याला आच लागू देऊ नका. शँकचं भोक आणि बाऊलचं तोंड कापसाने बंद करा. मेण गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवा, साधारण 62 ते 64 अंशांना ते पातळ होतं. हेअर ड्रायरने पाईप कोमट करून ब्रशने पातळ हात द्या, मुरेपर्यंत कोमट ठेवा, उरलेलं मऊ कापडाने टिपा. जाड थर दिलात तर डाग पडतात. मेण मऊ व्हायला वितळबिंदूपर्यंत जावं लागत नाही, म्हणून मे महिन्यात पाईप गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. गरम असताना बोटंही शँकला धरा, बाऊलला नकोत, मऊ मेणावर ठसे राहतात.

नवा घ्यायचा असेल तर अखंड दगडातूनच कोरलेला घ्या. चुरा दाबून, चिकटवून केलेले पाईप स्वस्त मिळतात, पण ते जड असतात आणि त्यांच्यात रंग असा मुरत नाही.