आयसीयूत नवीन लागलीस ना, मग हे वाच
अगं मिरजेत आयसीयूला लागलीस म्हणजे क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर ही जंतूंची नावं रोज कानावर पडणार, घाबरू नको पण हलक्यातही घेऊ नको. ॲसिनेटोबॅक्टर कोरड्या जागेवर पण कित्येक दिवस जिवंत राहतो, बेडची रेलिंग, मॉनिटरची बटणं, बीपीचा पट्टा, आणि हो, तुझा मोबाईल. ग्लोव्हज काढले की परत सॅनिटायझर, 20-30 सेकंद नीट चोळून, पेशंटला जुलाब असतील तर मात्र साबण-पाणीच. कल्चरचं, म्हणजे कुठला जंतू आहे ते तपासायचं सॅम्पल अँटिबायोटिकचा पहिला डोस जायच्या आधी, घाईत हेच राहतं बघ. नातेवाईक डबा घेऊन थेट बेडवरच बसतात आपल्याकडं, गोड बोलून उठव. आणि कॅथेटर, म्हणजे शरीरात घातलेली नळी, अजून कशाला ठेवलाय ते राऊंडला रोज विचार, सर वैतागले तरी.