हॉर्मोन अजून बनतही नाही, मग माशाच्या अंड्यात त्याचा रिसेप्टर कशासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: माशाच्या भ्रूणात ग्रोथ हॉर्मोनच्या (वाढीच्या हॉर्मोनच्या) रिसेप्टरचं, म्हणजे पेशीवर ते हॉर्मोन पकडणाऱ्या प्रथिनाचं, जनुक अगदी सुरुवातीपासून चालू असतं असं वाचलं, पण ते हॉर्मोन स्रवणारी पीयूषिका ग्रंथी तर नंतर तयार होते. मग रिसेप्टर आधी येऊन करतो काय?

मी काही वर्षं झेब्राफिश या प्रयोगशाळेतल्या छोट्या माशाच्या भ्रूणांवर काम केलंय आणि या प्रश्नाने मलाही बराच काळ छळलंय.

पहिली गोष्ट, ‘जनुक चालू आहे’ याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की कुणीतरी एमआरएनए (जनुकाची नक्कल, जिच्यावरून प्रथिन बनतं) मोजला आणि तो सापडला. काही जातींच्या माशांत तो फलन न झालेल्या अंड्यातही मिळतो. म्हणजे तो भ्रूणाने बनवलेला नाही, आईने अंडं घडवतानाच त्यात भरून ठेवलाय. झेब्राफिशमध्ये फलनानंतर साधारण 3 तासांपर्यंत भ्रूणाची स्वतःची जनुकं जवळजवळ गप्पच असतात, त्यामुळे त्याआधी जे सापडतं ते मुख्यतः आईचंच. आणि एमआरएनए म्हणजे रिसेप्टर नव्हे. त्यापासून प्रथिन बनायला हवं, ते पेशीपटलावर पोचायला हवं, हॉर्मोन बसल्यावर आतल्या बाजूला जेएके2 आणि स्टॅट5 या प्रथिनांची, संदेश पुढे नेणारी साखळी हलायला हवी. यातलं काहीही एमआरएनएच्या आलेखात दिसत नाही.

मग भ्रूणाला या रिसेप्टरची गरज असते का? इथे मला सर्वांत बोलका पुरावा वाटतो तो ‘विझ्झिनी’ नावाच्या झेब्राफिशचा. त्यात ग्रोथ हॉर्मोनचंच जनुक बिघडलेलं आहे. तरी भ्रूणावस्थेत त्याची वाढ नेहमीसारखी होते. मागे पडतो तो पुढे, अळीच्या अवस्थेपासून, आणि अंगात चरबीही जास्त साठवतो. रिसेप्टर नसलेली उंदराची पिल्लंही जन्मतः जवळजवळ नेहमीच्या आकाराची असतात, खुजेपण नंतर दिसतं. सुरुवातीची वाढ पीतकावर (अंड्यातल्या बलकावर) आणि आयजीएफ या इन्सुलिनसारख्या वाढ-घटकांवर चालते, आणि त्या टप्प्यावर आयजीएफना ग्रोथ हॉर्मोनच्या आज्ञेची फारशी गरज नसते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की अंड्यातल्या त्या एमआरएनएला वाढीच्या संदर्भात फार मोठा अर्थ चिकटवू नये.

यात एक पळवाट मात्र खरीच उरते. हॉर्मोन नसलं तरी रिसेप्टरवर दुसरं कुणी बसत असेल तर? हा प्रश्न हवेतला नाही. 30 कोटींहून अधिक वर्षांपूर्वी आजच्या बहुतेक हाडांच्या माशांच्या पूर्वजात अख्खा जीनोम, म्हणजे सगळा जनुकसंच, दुप्पट झाला, त्यामुळे बहुतेक माशांत या रिसेप्टरची दोन जनुकं आहेत, आणि सॅल्मनच्या कुळात आणखी एक दुपटीकरण झालंय. 2005 मध्ये सॅल्मन आणि मेडाका माशांवरच्या कामातून असं पुढे आलं की यातला पहिला प्रकार खरं तर सोमॅटोलॅक्टिन या भावंड-हॉर्मोनचा रिसेप्टर असावा. इतर जातींत मात्र तोच प्रकार ग्रोथ हॉर्मोनला चांगला प्रतिसाद देताना दिसला. त्यामुळे एका जातीचा निष्कर्ष दुसरीला सरसकट लावलेला दिसला की मी थांबते.

रिसेप्टरची खरी कहाणी मासा खायला लागल्यावर रंगते. अनेक जातींत उपासमार झाली की यकृतातलं रिसेप्टरचं प्रमाण घटतं. रक्तात ग्रोथ हॉर्मोन उलट वाढतं, पण आयजीएफ-1 खाली जातं. हॉर्मोन भरपूर आणि वाढ शून्य! मला हे फार सुंदर वाटतं: यकृत वाढीची हाक ऐकायचं थांबवतं, आणि तेच हॉर्मोन साठलेली चरबी मोकळी करायच्या कामी येतं. सॅल्मन गोड्या पाण्यातून समुद्रात जाताना कल्ल्यांनाही हे हॉर्मोन लागतं, म्हणजे प्रश्न नुसत्या वाढीचा नाही.

तुम्ही वाचलेला आलेख पुन्हा काढाल तेव्हा दोन गोष्टी बघा. नमुना अख्ख्या भ्रूणाचा होता की एखाद्या अवयवाचा? अख्खा भ्रूण वाटून घेतला तर इवल्याशा यकृतातला बदल इतर ऊतींत बुडून जातो. दुसरं, तुलनेसाठी कोणतं जनुक घेतलंय? बीटा-अ‍ॅक्टिन हे जनुक स्थिर मानून मापदंड म्हणून वापरतात, पण ते भ्रूणाच्या टप्प्यांनुसार स्वतःच बदलतं, आणि एकट्या त्याच्या आधारावर काढलेला चढ किंवा उतार रिसेप्टरचा नसून अ‍ॅक्टिनचाही असू शकतो.