समोरच्याला हॉर्न नेमका कधी द्यावा?

तुम्ही विचारलंय की सेकंड हँड गाडी घेतली, हॉर्न दिला की लोक डोळे वटारतात आणि नाही दिला तर कोणी साईड देत नाही, मग द्यायचा तरी कधी. हॉर्न "मी इथं आहे" एवढं कळवायला असतो. "सरक" म्हणायला नसतो. माझ्यापुरतं उत्तर एवढंच आहे, पण यावरून मी 2011 पासून घरात भांडतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाडव्याच्या आधीचे दिवस होते, ज्वारी काढून झालेली. आमचं शेत माजलगाव तालुक्यात, कॅनॉलच्या पलीकडं. अण्णा टायरगाडीत कडबा भरून घराकडं निघालेले आणि मी वर कडब्यावर पडलेलो. कडब्याची गाडी ज्यानं पाहिलीय त्याला माहिती आहे, पेंढ्या दोन्ही बाजूंनी इतक्या बाहेर येतात की हाकणाऱ्याला मागचं काही दिसत नाही आणि मागच्याला बैल दिसत नाहीत. कॅनॉलच्या पुलावर आलो, त्या पुलाचा डाव्या बाजूचा कठडा कधीच पडलेला, जेमतेम एक गाडी जाते. तेवढ्यात मागनं पिकअप आली, चालवणारा आमचा थोरला चुलतभाऊ. मी वरनं दोन्ही हात हलवून थांब थांब म्हणतोय आणि त्यानं प्रेशर हॉर्न दाबून धरला. एक कोपर खिडकीत, दुसऱ्या हाताचा तळवा स्टेअरिंगच्या मधोमध, तो तळवा काही केल्या उचलेना. पूल संपायला वीस पावलं राहिली होती हो, वीस पावलं!

डावीकडचा बैल हरण्या बुजला. तो बाहेर ओढायला लागला, जोडीदार जागीच आडला, जू पिळलं आणि डावं चाक पुलावरनं उतरलं. कॅनॉलला पाणी नव्हतं म्हणून मी कडब्यासकट खाली पडूनही वाचलो. अण्णांचं खांद्याजवळचं हाड मोडलं. हरण्याचा पुढचा पाय मोडला, जनावराच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, पाय जुळला पण वाकडा जुळला. परत तो कधी आऊताला जुंपता आला नाही. अण्णांनी त्याला बाजार दाखवला नाही, शेवटपर्यंत दावणीलाच सांभाळला, आणि एका बैलाची शेती कशी होते ते शेतकऱ्याला सांगायला नको, दोन वर्षं पेरणीला दुसऱ्याच्या बैलाची वाट बघत बसलो.

भाऊ आजपर्यंत म्हणतो, "मी काय धक्का दिला का? नुस्ता हॉर्न वाजवला. बैलच भित्रा होता तुमचा." कुठलंही लग्न असो, जेवायला शेजारी बसलो की हेच. पिकअपच्या मागं लिहिलेलं 'हॉर्न ओके प्लीज' दाखवून म्हणायचा की बघ, सरकारच वाजवा म्हणतंय. सरकार असलं काही म्हणत नाही. उलट महाराष्ट्राच्या परिवहन खात्यानं 2015 मध्ये गाड्यांवर ते लिहायला बंदी घातली, उगाच हॉर्न वाजवायला त्यानं उत्तेजन मिळतं म्हणून. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 194 एफ कलम आलं, विनाकारण किंवा सारखा हॉर्न वाजवला तर 1000 रुपये दंड, परत सापडला तर 2000. आणि केंद्रीय मोटार वाहन नियमातला 119 वा नियम सांगतो की कर्कश, दचकवणारा आवाज काढणारा हॉर्न गाडीला बसवायचाच नाही. ही कलमं मी खास त्याच्यासाठी पाठ केलीत.

आणि हरण्या भित्रा नव्हता. पोळ्याला मारुतीच्या पारापुढं हलगी कडाडायची, पोरं फटाके लावायची, तोरणाखाली तो शिंगसुद्धा हलवायचा नाही. कारण तिथं जे काय चाललंय ते त्याच्या डोळ्यापुढं असायचं आणि अण्णांचा हात पाठीवर. पुलावर आवाज मागनं आला, दिसत काहीच नव्हतं आणि मान जुवात अडकलेली. माणूससुद्धा बुजेल.

तर तुमचं. पुढं बैलगाडी, वरातीचा घोडा, शेरडं-मेंढरं असली तर हॉर्नला हात लावू नका, वेग कमी करा, हाकणारा स्वतःच बाजूला घेतो. सीझनमध्ये उसाची डबल ट्रॉली लागली तर दोनदा छोटा हॉर्न द्या आणि हात दिसेपर्यंत मागं थांबा, ड्रायव्हरच्या आरशात उसाशिवाय काही नसतं आणि टेपचा आवाज मोठा असतो, दाबून धरून उपयोग शून्य. सिग्नल सुटला आणि पुढचा मोबाईलमध्ये असला तर दोन-तीन सेकंद थांबून एकदा. रेल्वे गेटवर वाजवणाऱ्यांचं मला कळतच नाही, गेट काय हॉर्ननं उघडतं का? दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या आसपास 100 मीटर तर नाहीच.

आता कोणी म्हणेल हा माणूस हॉर्नच्याच विरोधात आहे, तसं नाही. धारूरच्या घाटात आंधळ्या वळणाला हॉर्न न देणारा मला तितकाच बेजबाबदार वाटतो, तिथं प्रत्येक वळणाला द्या, रात्री सोबत डिपर मारा, आणि चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या. कोणी न बघता रिव्हर्स येत असेल तर बिनधास्त जोरात द्या. मोटारसायकलवर असाल तर ट्रकच्या डाव्या अंगाला जाऊच नका, आणि अडकलातच तर हॉर्न द्यावाच लागतो, कारण तिथलं ड्रायव्हरला दिसत नाही. एवढं मात्र खरं की हॉर्न देऊनही माणूस सरकला नाही तर तो मुद्दाम करतोय असं धरू नका, म्हाताऱ्या माणसाला ऐकू येत नसतं.

आणि एक, गाडी जुनी घेतलीय म्हणता, तर आधीच्या मालकानं प्रेशर हॉर्न बसवलाय का ते आधी बघा. असला तर वायरिंगवाल्याकडं नेऊन काढून टाका, कंपनीचा साधा बसवा, फार खर्च नाही. भावानं मधी गाडी बदलली, पण हॉर्न जुन्या पिकअपचा काढून नवीनला लावलाय.