बोटुकलीवरचे परजीवी: आधी एवढंच सांभाळा

रोहू-कटला तळाला, कडेला अंग घासतायत, उसळ्या मारतायत, एवढ्यावरून लगेच औषध ओतू नका. आधी फेकजाळ्याने दहा-पंधरा बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, काढा आणि उन्हात नीट बघा. पंखांच्या बुडाशी चपटी, पारदर्शक, सरकणारी टिकली दिसली तर ती माशाची ऊ, म्हणजे अर्ग्युलस. खवल्यातून दोरा लोंबत असेल आणि भोवती लाल चट्टा असेल तर लर्निया, म्हणजे अंगात रुतून बसणारा परजीवी. काहीच दिसत नाही, पण अंगावर राखाडी चिकटा आणि कल्ले फिकट? मग ट्रायकोडिनासारख्या सूक्ष्म जिवांचा संशय घ्या. त्याची खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते.

फक्त पहाटे मासे वर येऊन तोंड उघडून हवा घेत असतील आणि ऊन चढल्यावर खाली जात असतील तर बहुधा ऑक्सिजन कमी आहे. नवशिके इथेच फसतात.

सुरुवातीला एवढं करा:

- नवं मत्स्यबीज (माशांची पिल्लं) तळ्यात सोडण्याआधी मिठाचं स्नान द्या. 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम जाडं मीठ, प्लास्टिकच्या टबात, 2-3 मिनिटं. मासा कलंडू लागला की लगेच काढा. यात सूक्ष्म परजीवी बरेच गळतात, रुतलेली लर्निया मात्र जात नाही.
- तळ्यात बांबू रोवा. ऊ त्यावर अंडी घालते. दर आठवड्याला बांबू उपटून कडक उन्हात वाळवा.
- दाटी कमी करा, उरलेलं खाद्य कुजू देऊ नका.
- एका तळ्याचं ओलं जाळं दुसऱ्यात नको.

कीटकनाशकांचे डोस मी मुद्दाम देत नाही. तळ्यातलं पाणी मोजता येत नसेल तर दशांश चिन्हाची एक चूक सगळं बीज मारते. ते मत्स्य अधिकाऱ्याला नमुना दाखवूनच.