शेवट विचारायचा नाही

प्रिय बाळा,

रात्री तुझा मेसेज वाचला. 'मावशी, पुस्तकाची शेवटची तीसेक पानं गळालीत. गूगल करून शेवट बघू, की सोडून देऊ?' दोन्ही नको. शेवट विचारायचा नाही, वाचायचा.

माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून तू 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' ही हेरकथा उचललीस, याचाच मला केवढा आनंद झाला! घेताना शेवटचं पान बघून घ्यावं, हे मी तुला शिकवलं नाही, ती चूक माझी. या जुन्या पेपरबॅकना शिलाई नसते, सुटी पानं पाठीला नुसती चिकटवलेली. चिकटवण वाळून तडकलं की कडेची पानं आधी निखळतात.

1986 मध्ये फ्लोरा फाउंटनला मीही हीच कादंबरी घेतली होती, सात रुपयांना. माझ्याही प्रतीत गोष्टीतला खटला ऐन रंगात आला आणि पानं संपली. मला धीर निघाला नाही. ऑफिसातल्या एका बाईंनी ती वाचली होती. व्हीटीहून सुटलेल्या लोकलच्या लेडीज डब्यात, भायखळा यायच्या आत, मी त्यांच्याकडून सगळा शेवट काढून घेतला. आठ वर्षांनी माटुंग्यालाच अख्खी प्रत मिळाली. घरी आले, कुकरसुद्धा न लावता वाचत बसले. आणि काहीच झालं नाही ग. प्रत्येक वळण आधीच ठाऊक! ते पहिलं वाचन मी भायखळ्यापर्यंतच्या दहा मिनिटांत घालवलं होतं.

एका थ्रिलरसाठी एवढं काय, असं म्हणू नकोस, मला राग येतो. लेखकाचं जॉन ल कारे हे टोपणनाव, खरं नाव डेव्हिड कॉर्नवेल. हा माणूस तेव्हा स्वतः ब्रिटिश गुप्तहेर खात्यात होता, पश्चिम जर्मनीत नेमणुकीवर. 1961 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, 1963 मध्ये ही कादंबरी आली. म्हणून त्यातला हेर लीमस असा थकलेला, खरा वाटतो. त्याच्या साहेबांनी त्याला अर्धंच सांगून पाठवलंय, हे तुला एव्हाना जाणवलं असेल. त्याला जे कळत नाही ते आपल्यालाही कळत नाही, म्हणून तर आपण त्याच्या शेजारी उभे असतो. शेवट कुणाला विचारलास, की तू त्याला तिथे एकटं टाकून लंडनमधल्या साहेबांच्या खोलीत जाऊन बसलीस. विचारायचा नाही!

घरचे म्हणायचे, जुन्या पुस्तकांपायी रविवार वाया घालवतेस. घालवले. त्या लोकलनंतर एकाही गोष्टीचा शेवट मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. कपाटात दोन पुस्तकं अजून शेवटावाचून पडली आहेत, पडू देत. याला हट्ट म्हणतात तर म्हणोत, माझी वाचायची भूक त्या हट्टानेच टिकली.

नवी प्रत मागव, लायब्ररीतून आण, माझी हरकत नाही. नाहीतर रविवारी सकाळी इकडे ये. माझी प्रत टेबलावर काढून ठेवते, खटल्याच्या प्रकरणात खूण घालून. न्यायला देणार नाही, खिडकीपाशी बसून वाच. मी स्वयंपाकघरात असेन. पुस्तक मिटेपर्यंत मला काही विचारू नकोस.

तुझी मावशी